छत उतरवण्याआधी

आर्डिसने सगळं दाखवून झाल्यावर शेवटी एकच गोष्ट त्यांच्याकडून समोर उभं राहून करून घेतली, आणि नेमकी तीच त्या दोघांनी थट्टेवारी नेली.

जूनमधली शनिवारची सकाळ होती. नेवाडातल्या त्या खाणींच्या गावात डांबर संपून खडीचा रस्ता सुरू होतो, तिथलं शेवटचं घर आर्डिसचं. मॅरेन आणि तिचा नवरा कोल्टन तिच्याकडचा जुना कॅम्पर न्यायला आले होते. कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायची खोलीच: दोन शेगड्या, घडीचं टेबल, आणि पुढे ट्रकच्या टपावर येणारा झोपायचा माळा. रस्त्याने जाताना छत खाली बसवून कड्या लावायच्या. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून छत दीड हात वर उचलायचं, मग चहूबाजूंनी कापडाच्या भिंती उभ्या राहतात. कोल्टन जन्मायच्या पंधरा वर्षं आधीचं ते धूड, पण आत साधा कॉफीचा डागसुद्धा नव्हता. चाळीस वर्षांत कुणी तिथे झोपलं-जेवलं असेल असं वाटतच नव्हतं.

सत्तरी ओलांडलेली आर्डिस कमी बोलायची. तिने हँडल दाखवलं, गॅसचा कॉक दाखवला, तिच्या नवऱ्याने, कैलासवासी लोवेलने, दाराशी बसवलेला, वीज किती येते ते दाखवणारा सुईचा मीटर दाखवला. मग छत उतरवायची वेळ आली तशी ती बाकावर चढली, माळ्यात हात घातला आणि गादीवरून तळहात फिरवू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. आणि कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाली, "कोण आहे का?"

मग मॅरेनकडे वळली. "आता तू."

"आत्ताच तर तुम्ही..."

"दर वेळी. आत्ताच बघितलं असलं तरी. हात फिरवायचा, विचारायचं, मगच कड्या लावायच्या."

मॅरेनने हात फिरवला. विचारलंसुद्धा. बाहेर कोल्टन खोकल्याचं सोंग करून हसू दाबत होता. परतीच्या वाटेवर त्याने गाडीतला कप्पा उघडून विचारलं, "कोण आहे का?" घरी फ्रीज उघडून विचारलं, रात्री न्हाणीघराच्या दारावर टकटक करून विचारलं. मॅरेन पोट धरून हसली. पुढे कितीतरी दिवस स्वतःच्या त्या हसण्याचा आवाज तिला आठवायचा आणि कानशिलं तापायची.

सोलर पॅनलची टूम तिचीच. ऑगस्टमध्ये तळ्यावर मुक्कामाला जायचं ठरलं होतं, आणि त्यांची चौदा महिन्यांची आयव्ही उकाड्यात डोळ्याला डोळा लावत नसे. म्हणजे पंखा हवा, पंख्याला बॅटरी हवी आणि बॅटरीला ऊन. खाणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा कोल्टन म्हणाला, सुट्टीत मी करतो. मॅरेन म्हणाली, नको, मीच करते. आयव्ही होईपर्यंत ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. विजेची आकृती फळ्यावर काढताना तिचा हात कधी थरथरला नव्हता. थरथरायचा तो बाटलीत दूध भरताना. रात्री तीनतीनदा उठून ती पोरीच्या नाकाखाली बोट धरायची, आणि इतकं करूनही आपल्याला हे आईपण जमत नाहीये हे तिला आतून पक्कं ठाऊक होतं. चार वायरी धड जोडल्या तर निदान एक काम नीट केलं, एवढा तरी दाखला हाती येईल असा तिचा हिशेब होता.

सासू वर्ना मागच्या खोलीत राहायची. रोज सकाळी काचेच्या बरणीत पाणी आणि चहाच्या पुड्या घालून ती बरणी ओसरीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. दुपारपर्यंत चहा आपोआप उतरायचा. हल्ली कधी पुड्या घालायलाच विसरायची आणि दुपारी गरम पाणी बघून स्वतःवरच हसायची. पण नातीला घेतलं की तिचे हात काही विसरत नसत. ट्रक दाराशी आला की ती ओसरी उतरून यायची, मागचं दार उघडून आयव्हीला काढून घ्यायची, आणि मॅरेनला म्हणायची, "जा तू तुझ्या वायरींकडे. सारखी बघून बघून झिजवशील माझ्या पोरीला."

कामात पहिली फजिती रंगांनी केली. मोटारीत काळी वायर उणे असते, हे मॅरेनच्या डोक्यात बसलेलं. जुन्या कॅम्परमध्ये उलटं: काळी जिवंत, पांढरी परतीची. तिने मोटारीच्या हिशेबाने जोडलं आणि ठिणगी उडून फ्यूज गेला. वर्ना ओसरीवरून ओरडली, "अगं, काळी ती जिवंत, पांढरी ती मेलेली. माझ्या केसांवरून लक्षात ठेव." मॅरेनला त्या उन्हातही हसू आलं.

पॅनल तिने माळ्याच्या बरोबर वर बसवलं, छताच्या पुढच्या कडेला, कारण तिथे सावली पडत नाही. भोक पाडताना देवाचं नाव घेतलं, भोकाभोवती डिंकासारखा सीलंट भरला. खरी गोम पुढेच होती. छत खाली-वर होणार, तर वायरही त्याच्याबरोबर खाली-वर व्हायला हवी. सैल ठेवली तर फटीत चिरडणार, ताणली तर तुटणार. मोजून एक वळसा ठेवायचा, छत उतरवायचं, वायर कुठे जाते ते बघायचं, उचलायचं, वळसा बोटभर बदलायचा, पुन्हा उतरवायचं. दिवसातून वीस वेळा. पहिले दोन दिवस तिने उतरवण्याआधी गादीवरून हात फिरवला, तोही हसत. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. रिकामं आहे हे दिसत होतं की.

शेवटी पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंतची जोडणी झाली, पॅनलवर घातलेली चादर काढली, आणि लोवेलच्या मीटरची सुई थरथरत उठून पाचाच्या पुढे जाऊन थांबली. मॅरेनने एकटीनेच टाळी वाजवली.

जुलैतल्या त्या गुरुवारी ती आयव्हीला घेऊन जास्तीचे फ्यूज आणायला गेली. कॅम्पर ट्रकवर चढवलेलाच होता, दुकान चार मिनिटांवर. परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन असं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. वर्नाने ओसरीवरून हात केला. मॅरेनने हात केला. डोक्यात वळसा, फ्यूज, पंख्याचं बटण. ट्रकमधून उतरून तिने छत उचललं, कॅम्परमध्ये शिरली आणि पंख्याच्या वायरी सोलायला बसली.

आत तापलेल्या प्लायवूडचा वास होता. बाहेर किड्यांची एकसुरी किरकिर. आणि मग, काही कारण नसताना, तिने मान वर केली. मीटरची सुई पडत होती. एकदम नाही. दमून कुणी खाली बसावं तशी, सावकाश. पाच... तीन... एक. मग जवळजवळ शून्यावर टेकली.

ढग असेल म्हणून तिने बाहेर डोकावलं. आभाळ कोरडं, निळं, ढगाचं एक पीसही नाही. तिने जोड तपासले. सगळे घट्ट. फळ्यावर शिकवलेलं तिला आठवलं: पॅनलमधली घरं माळेसारखी जोडलेली असतात, एका घरावर तळहाताएवढी सावली पडली तरी अख्ख्या माळेचा प्रवाह अडतो. पान पडलं असेल, पक्ष्याची घाण असेल. चिडून तिने शिडी घेतली, ट्रकच्या पुढच्या अंगाला लावली आणि वर चढली.

पॅनल स्वच्छ होतं. काळी काच इतकी तापलेली की तिने टेकवलेला हात चटकन मागे घेतला. मग फडकं धरून ती काच चाचपू लागली आणि मधोमध एके ठिकाणी फडक्यातूनही हाताला गार लागलं. तिने फडकं काढलं. बोटं टेकवली. विहिरीतल्या दगडासारखा गारवा. भोवती काच भाजत होती आणि तेवढाच तुकडा गार. बोटांनी ती त्याची कड शोधत गेली. एक गोलसर मध्य, त्याला वर चार छोटी बोटं, बाजूला पाचवं. तिच्या तळहाताच्या निम्म्याएवढं.

 उतरायला पायरी शोधत तिने खाली बघितलं. शिडी टपाशी टेकलेली, म्हणून खाली समोरची काच दिसत होती, आणि काचेतून ट्रकच्या मागच्या सीटवरचा एक पांढरा मोजा. मोजा हलत नव्हता.

आयव्ही.

ती शिडीवरून उतरली की पडली, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. दार उघडताच भट्टीचा झोत तोंडावर आला. पोर लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. पट्ट्याचं बक्कल बोटाला चटका देत होतं. मॅरेनने तिला छातीशी घेतलं, ओसरीच्या नळाखाली धरलं, आणि आयव्ही आधी आवंढा गिळल्यासारखी झाली आणि मग रडली. इतकं सुंदर रडणं मॅरेनने आयुष्यात ऐकलं नव्हतं. बारा मिनिटं झाली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी दहा झाली असती तर...

पण त्याआधी वर्ना बाहेर आली होती. हातात ओलं फडकं, चेहऱ्यावर रंग नाही. तिने ट्रकचं उघडं दार बघितलं, भिजलेल्या नातीला बघितलं.

"मी... मी काढून घेतली नाही का तिला?" ती म्हणाली. "रोज मीच काढते. तू मला हात केलास... मी घ्यायला हवी होती. मी विसरले, मॅरेन?"

मॅरेनच्या तोंडात वाक्य तयार होतं. नाही, मीच तिला गाडीत सोडून गेले. मोजून सहा शब्द. ती पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली, आणि गप्प राहिली.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर वर्नानेच लेकाला सांगितलं. बटाट्याची बशी तशीच गार होत होती. कोल्टन आईवर ओरडला नाही; ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मॉम, आता आयव्हीला एकटीला तुझ्याकडे नाही ठेवायचं. कबूल?" आणि वर्ना म्हणाली, "कबूल." मॅरेनने काटा बशीत ठेवला. काट्याचा आवाज झाला तेवढाच. नवऱ्याने तिचा हात हातात घेतला, बिचारी किती घाबरली असेल म्हणून. तो हात तिला बक्कलासारखा भाजला.

दुसऱ्या दिवसापासून वर्ना नातीकडे हात पुढे करेनाशी झाली. आधी विचारायची, "घेऊ का जरा?" आणि उत्तराची वाट बघत हात मांडीवर जोडून बसायची. चहाची बरणी कठड्यावर दिसेनाशी झाली. रोज सकाळी मॅरेन ठरवायची, आज सांगायचं. रोज दुपारी तिला पटायचं की आता इतके दिवस गेल्यावर सांगणं म्हणजे दोन गुन्हे कबूल करणं: विसरल्याचा आणि गप्प बसल्याचा. पहिला माफ होईल. दुसरा?

आणि रोज बारा वाजून वीस मिनिटांनी, त्या गुरुवारी पडली होती त्याच वेळेला, सुई पडायची.

तिने सगळं करून बघितलं. कंट्रोलर बदलला, जोड पुन्हा चिमटले, ट्रक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावला. बारा-वीसला सुई सावकाश खाली बसायची, बारा मिनिटं तशीच राहायची, मग उठायची. तिने वर चढून काचेला हात लावायचं सोडलं. त्याऐवजी एका दुपारी आयव्हीला कंबरेला बांधून ती माळ्यात शिरली, गादीवर पाठ टेकून छताकडे बघत राहिली. पॅनल बरोबर वर होतं. छताच्या आतल्या कापडी अस्तराची एक पट्टी बाकीच्यांपेक्षा नवी होती, शिवण हाताची, बारीक आणि दाट. तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन टाके उसवले. मागे प्लायवूड. प्लायवूडवर ओरखडे. उंदराचे नव्हते. चारचारच्या गटाने, खालून वर, एकाच जागी. तिथे लाकूड झिजून फिकट पडलं होतं.

आयव्हीने हात वर करून त्या जागेकडे बोट दाखवलं. मॅरेन तिला घेऊन बाहेर पडली आणि तशीच खडीच्या रस्त्याला लागली.

आर्डिस मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. मॅरेनने काय दिसलं ते सांगितलं. आर्डिसचे हात थांबले नाहीत. फक्त दाणे भांड्याऐवजी जमिनीवर पडू लागले.

थोड्या शब्दांत सांगितलं तिने. ट्रीना. तिची आणि लोवेलची मुलगी, तीन वर्षांची. अशाच जुलैत, तळ्यावरून परतताना वाटेत बहिणीच्या घरी थांबायचं होतं. निघताना लोवेलने विचारलं, उतरवू का छत? आर्डिस म्हणाली, उतरव, कुणी नाही आत. पोर मागे खेळतेय असं तिला वाटत होतं. ती सकाळीच माळ्यात झोपली होती. झोपवलं आर्डिसनेच होतं. छत बसलं, कड्या लागल्या. बहिणीच्या दाराशी ट्रक उन्हात उभा राहिला, मंडळी जेवायला बसली, ट्रीना मावसभावंडांबरोबर मागच्या गाडीत येतेय अशी सगळ्यांची समजूत.

"लोकांनी विचारलं, छत कुणी उतरवलं?" आर्डिस म्हणाली. "लोवेल म्हणाला, मी. आणि मी... काही बोलले नाही. कुणी नाही आत, असं मीच म्हणाले होते, ते त्याच्या लक्षातच राहिलं नाही. मरेपर्यंत तो स्वतःच्या हातांकडे बघायचा."

 आयव्ही जमिनीवरचे मटार उचलून तोंडात घालत होती, आणि मॅरेन तिच्या तोंडातून काढत होती.

"मग तुम्ही तो हात फिरवता, तो..."

"तुला वाटलं कुणी राहू नये म्हणून?" आर्डिसने पहिल्यांदाच वर बघितलं. "पोरी, चाळीस वर्षं फिरवतेय मी. एकदा तरी हाताला लागावी म्हणून. नाही लागली कधी." मग आयव्हीकडे बघत ती मॅरेनला म्हणाली, "तुझ्या हाताला लागली."

निघताना तिने मॅरेनचं मनगट धरलं. सुरकुतलेली बोटं, पण पकड घट्ट. "तुझ्या घरी कोण बघतंय स्वतःच्या हातांकडे?" तिने विचारलं. मॅरेनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तळ्यावर जायचं रद्द करावं असं तिच्या मनात सतरा वेळा आलं. कारण काय सांगणार? ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले. वर्नालाही बरोबर घेतलं, कारण हल्ली तिला घरी एकटी ठेवायला कोल्टन तयार नव्हता. मुक्कामाच्या जागेवर दहा-बारा गाड्या होत्या, जुनिपरच्या झाडांना बांधलेल्या दोऱ्या, पोहण्याचे कपडे, मासे भाजल्याचा वास. रात्री पंखा चालला. आयव्ही पहाटेपर्यंत गाढ झोपली. सकाळी कोल्टनने बायकोच्या खांद्यावर थाप मारली, "वा, मास्तरीणबाई." वर्ना घडीच्या खुर्चीवर लांब बसून नातीला बघत होती. आयव्ही तिच्याकडे दुडदुडत गेली की कोल्टन उठून मध्ये यायचा. "तू बस मॉम, मी आहे."

दुपारी मॅरेन कॅम्परच्या दारात उभी होती. आयव्ही तिच्या कडेवर, हातात बिस्किट. मॅरेनने मीटरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि म्हणूनच तिने बघितलं.

बारा-वीस. सुई पडू लागली.

तिने पहिल्यांदा आयव्हीकडे बघितलं. होती. कडेवरच होती, ओलं बिस्किट आईच्या गळ्याला फासत होती. सुई एकावर आली. शून्यावर टेकली. एवढी खाली ती त्या गुरुवारनंतर कधी गेली नव्हती.

मग... कुणासाठी?

मॅरेन धावली. पहिल्या गाडीच्या काचेला डोळे लावले, दुसरीच्या, तिसरीच्या. दारं ओढली. मासे भाजत बसलेला एक म्हातारा म्हणाला, काय हरवलं बाई? ती म्हणाली, मूल. तो म्हणाला, ते तर तुमच्या कडेवर आहे. त्याच्या शेजारची मंडळी हसली. "माझं नाही," मॅरेन म्हणाली, "कुणाचं तरी. आपापल्या गाड्या बघा. कृपा करून बघा." तिचा आवाजच असा होता की लोक उठले. दारं उघडण्याचे आवाज तळ्यावर घुमले. एक बाई आपली मुलं बोटाने मोजू लागली.

कोल्टन धापा टाकत आला. त्याने तिचा दंड धरला. "मॅरेन, काय चाललंय हे? लोक बघतायत."

"बघू देत." ती थांबली. मागून वर्ना हळूहळू चालत येत होती. "मी विसरले होते आयव्हीला. त्या दिवशी. मीच सोडून गेले तिला गाडीत. वर्नाने तिला हातसुद्धा लावला नव्हता. ती म्हणाली मी विसरले का, आणि मी... तसंच म्हणू दिलं."

मोजणारी बाई मोजायची थांबली. कोल्टनने दंड सोडला, आणि हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

सगळ्या गाड्या रिकाम्या निघाल्या. सगळ्यांची मुलं पाण्यात होती, झाडाखाली होती, मोजून पुरी होती. लोक नजर चुकवत आपापल्या जागी परतले. मॅरेन मात्र तिथेच, उन्हात, सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली. अंगावरचे कपडे गळून पडावेत आणि पळायला जागा नसावी तशी.

वर्ना तिच्यासमोर येऊन थांबली. 

"गेल्या आठवड्यात डॉक्टरला सांगून आले मी," ती म्हणाली, "की मला आता काही आठवत नाही. त्याने गोळी वाढवून दिली. त्या गोळीने हात कापतात माझे." तिने दोन्ही हात पुढे धरले. खरंच कापत होते. "आण तिला इकडे."

घेऊ का, असं तिने विचारलं नाही. मॅरेनने पोर दिली. आयव्हीने आजीच्या गळ्यात हात टाकून तिच्या खांद्यावर उरलेलं बिस्किट पुसलं.

संध्याकाळपर्यंत राहायचं होतं, पण आता राहणार कोण? कोल्टनने खुर्च्या मिटल्या, दोऱ्या सोडल्या. छत उतरवायची वेळ आली तेव्हा मॅरेन पुढे झाली, पण त्याने तिला बाजूला केलं आणि स्वतः बाकावर चढला. कॅम्परबाहेरून तिला त्याचा हात गादीवरून फिरताना ऐकू आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याचा आवाज, थट्टेचा लवलेश नसलेला: "कोण आहे का?"

कुणी नव्हतं. कड्या लागल्या, एक, दोन, तीन, चार.

मॅरेन ट्रककडे गेली. हल्ली ती आधीच दारं उघडून गाडी गार करून घेत असे. मागच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. इतक्या गाड्यांत तिने डोकावून बघितलं होतं. एकाच गाडीत नाही बघितलं. आपल्या.

तिने दार उघडलं. गरम वाफ अंगावर आली. आयव्हीच्या सीटचे पट्टे लावलेले होते.

काल पोचल्यावर तिनेच आयव्हीला उतरवलं होतं, पट्टे मोकळे लोंबत सोडले होते. एक दारात अडकला म्हणून दार पुन्हा उघडून आत ढकलला होता. आता ते छातीवर नीट जुळवून, बक्कल लावून बसवलेले होते. आणि सैल केलेले. चार बोटं सैल, आयव्हीपेक्षा मोठ्या मुलाला पुरतील इतके.

"काय गं," मागून वर्ना म्हणाली, "निघत नाहीये का पट्टा? ये, मी बघते."

"नको," मॅरेन म्हणाली. "आयव्ही... तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याच कडेवर आहे."

मॅरेनने अंगठा बक्कलावर ठेवला. त्या उन्हात भाजायला हवं होतं. विहिरीतल्या दगडासारखं गार होतं. तिने दाबलं. खट् झालं, पट्टे दोन्हीकडे गळले, आणि सीटची दबलेली गादी, कुणी उठून गेल्यावर येते तशी, सावकाश, सावकाश वर आली.

पुढे कोल्टनने इंजिन सुरू केलं. मॅरेन दार धरून उभीच होती. एवढ्या रुंद दारातून बाहेर यायला एका लहान मुलाला किती वेळ लागतो, ते तिला ठरवता येईना.